चित्रकर्तींवरचा एक जुना आरोप

ज्यांच्या वाट्याला एकाहून अधिक देश, भाषा किंवा धर्म आले, अशा चित्रकर्तींविषयी आपल्या कलाचर्चेत एक आरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द बदलतात, मुद्दा तोच राहतो. या बायका आपली ‘ओळख’ विकतात, असा तो आरोप. टिकली, साडी, उर्दू अक्षरं, चार हातांची देवी, फाळणीच्या आठवणी असं सामान गाठोड्यात बांधायचं, लंडन-न्यूयॉर्कच्या दालनात नेऊन सोडायचं, तिथल्या कुतूहलाला खाऊ घालायचा आणि ती कीर्ती घेऊन मायदेशी परतायचं. यात कला थोडी आणि व्यापार फार, असं म्हणणारे रसिक भेटतात, समीक्षक भेटतात, स्वतः चित्रकार असलेली माणसंही भेटतात.

या आरोपात थोडं तथ्य आहे आणि ते पुढे मान्य करायलाच हवं. पण आरोप म्हणून तो टिकत नाही. ज्या चित्रांवर तो ठेवला जातो ती चित्रं नीट पाहिली की तो गळून पडतो, आणि बहुतेक वेळा तो ठेवणाऱ्याने चित्रापेक्षा चित्राशेजारची पाटीच जास्त वेळ वाचलेली असते.

आधी एका साध्या गोष्टीचा जाब द्यायला हवा. सय्यद हैदर रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले आणि आयुष्याची साठेक वर्षं तिथे राहिले. पॅरिसमध्ये बसून त्यांनी बिंदू रंगवला, प्रकृती-पुरुष रंगवले, कॅनव्हासवर देवनागरी ओळी लिहिल्या. मध्य प्रदेशातल्या शाळेत मास्तरांनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे एकटक बघायला लावलं होतं, ही त्या बिंदूमागची हकिकत ते स्वतः सांगत. त्या बिंदूला आपण तत्त्वचिंतन म्हणतो. म्हणावंच, त्याची ती योग्यता आहे. गोव्यातल्या सालिगावात जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले आणि लहानपणी चर्चमध्ये पाहिलेला ख्रिस्त त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. त्यांचं १९५९ चं ‘क्रुसिफिक्शन’ लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. त्याला आपण आधुनिकता म्हणतो. आणि लंडनमध्ये जन्मून १९९३ मध्ये दिल्लीला आलेल्या भारती खेर यांनी २००६ मध्ये जमिनीवर कोसळलेल्या पूर्णाकृती हत्तीचं अंग टिकल्यांनी मढवलं, की बाजार, निर्यात, परदेशी गिऱ्हाईक हे शब्द लगेच बाहेर येतात.

रझांच्या बालपणाची गोष्ट त्यांच्या चित्राला खोली देते आणि खेर यांची टिकली मात्र त्यांच्या शिल्पाचा भाव वाढवते, हा न्याय कुठला? तिघांनीही आपल्याजवळ होतं ते सामान घेतलं आणि दुसऱ्या देशात जाऊन कामाला लावलं. पुरुषाच्या बाबतीत सामानाचं काय झालं ते आपण पाहतो, बाईच्या बाबतीत सामान कुठून आलं यावरच थांबतो.

या आरोपाचा सगळ्यात जुना खटला अमृता शेरगिल यांच्यावरचा आहे आणि तो अजून बंद झालेला नाही. जन्म ३० जानेवारी १९१३, बुडापेस्ट. वडील उमरावसिंग शेरगिल मजिठिया हे शीख सरदार घराण्यातले, संस्कृत-फारसीचे अभ्यासक आणि छायाचित्रणाचे वेडे. आई मेरी आंत्वानेत गॉट्समन ही हंगेरीतली गायिका. १९२१ मध्ये हे कुटुंब शिमल्याला आलं. १९२९ मध्ये अमृता पॅरिसला गेल्या, ‘एकोल दे बोझार’मध्ये ल्युसियाँ सिमों यांच्या हाताखाली शिकल्या, आणि १९३२ मध्ये काढलेल्या ‘यंग गर्ल्स’ या चित्राला पुढच्या वर्षी पॅरिसच्या सलोनमध्ये सुवर्णपदक मिळालं. तेव्हा त्या विशीत नुकत्याच आल्या होत्या. १९३४ च्या अखेरीस त्या भारतात परतल्या आणि त्यांनी डोंगरातली माणसं, खेड्यातल्या मुली, भिकारी, वधू रंगवायला घेतल्या. आक्षेप असा की, हे सगळं परक्या नजरेनं पाहिलेलं आहे. युरोपात वाढलेल्या, सुखवस्तू घरातल्या बाईने भारतातलं दैन्य सुंदर करून मांडलं, असं त्या काळीही म्हटलं गेलं आणि आजही म्हटलं जातं.

परकी नजर म्हणजे काय, हे अमृतांना त्यांच्या टीकाकारांहून जास्त ठाऊक होतं. पुरावा १९३४ चा आहे, भारतात परतण्याआधीचा. ‘ताहिती स्त्रीच्या रूपातलं आत्मचित्र’ हे त्यांचं चित्र. पॉल गोगँ या फ्रेंच चित्रकाराने ताहिती बेटावरच्या अर्धनग्न स्त्रिया रंगवल्या आणि युरोपने त्या डोळे भरून पाहिल्या. त्या स्त्रियांच्या जागी अमृता स्वतः उभ्या राहतात. अंग कमरेपर्यंत उघडं, केस मागे बांधलेले, चेहऱ्यावर ना लाज ना आमंत्रण. मागच्या भिंतीवर एका पुरुषाची सावली पडलेली आहे. पाहणारा त्या चित्रात हजर आहे, पण तो सावली होऊन, आणि बाई त्याच्याकडे बघतही नाही. एकवीस वर्षांच्या मुलीने पॅरिसमध्ये राहून पॅरिसच्या नजरेवर काढलेलं हे चित्र आहे. ते पाहिल्यावर ‘तिची नजर परकी होती’ एवढ्या एका वाक्यात विषय संपवता येत नाही. त्या नजरेशी त्यांचा झगडा चालू होता आणि तो झगडाच त्यांचा विषय होता.

पुढचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातला आहे. १९३६ च्या अखेरीस अमृता मुंबईत आल्या. वकील आणि कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांच्याशी त्यांची गाठ इथेच पडली आणि ते पुढे त्यांचे सगळ्यात मर्मज्ञ वाचक ठरले. मुंबईहून त्या वेरूळ-अजिंठ्याला गेल्या आणि तिथून दक्षिणेला उतरल्या. अजिंठ्याने त्यांच्या चित्रात नक्की काय बदललं, हे डोळ्यांनी तपासता येतं. १९३५ च्या ‘थ्री गर्ल्स’मध्ये अंगावर पडलेला प्रकाश अजून पॅरिसच्या चित्रशाळेतला आहे, गालांना आणि खांद्यांना तो गोलाई देतो. १९३७ च्या ‘ब्राइड्स टॉयलेट’ आणि ‘ब्रह्मचारी’मध्ये ती गोलाई उतरते. शरीरांच्या कडा साध्या होतात, रंगांचे मोठे सपाट भाग शेजारी शेजारी येतात, उघड्या अंगांच्या तपकिरी छटा एकमेकींना तोलतात आणि ब्रह्मचाऱ्यांची पांढरी वस्त्रं त्या सगळ्यात एक थंड पट्टा ओढतात. तरीही चित्राची बांधणी, जागेचं वजन, आकृत्यांमधली रिकामी जागा हे सगळं युरोपात शिकलेल्या हाताचंच राहतं. युरोपातल्या आधुनिक कलेनेच आपल्याला भारतीय शिल्प-चित्राकडे पोचवलं, असं त्यांनी स्वतः नमूद करून ठेवलं आहे. दोन संस्कृती त्यांच्या चित्रात आहेत हे पाहायचं तर पदर नि पगडी कशाला शोधायची? ते रंग लावण्याच्या रीतीत दिसतं.

सुखवस्तूपणाचा मुद्दा मात्र खोडून काढण्यासारखा नाही आणि काढूही नये. अमृतांच्या लग्नानंतरचा काही काळ गोरखपूरजवळच्या सराया इथल्या घराण्याच्या जमीनजुमल्यात गेला. ज्यांची त्या चित्रं काढत त्यांच्यासारखं त्यांना कधी जगावं लागलं नाही. त्यांच्या खेडुतांच्या डोळ्यांत एकसारखी उदासी आहे, कामाचा घाम क्वचित आहे. ही मर्यादा खरी आहे. पण ती वर्गाची आहे, हंगेरियन आईची नाही. त्याच काळात पूर्ण देशी घरांतल्या कित्येक चित्रकारांनी खेडं याहून कितीतरी गोड करून रंगवलं, त्यांना कुणी परकं म्हटलं नाही.

आणि बाजाराचं म्हणाल तर हयातीत अमृतांची चित्रं फारशी विकली गेली नाहीत. शिमल्याच्या कलासंस्थेने त्यांची काही चित्रं नाकारून एका चित्राला पारितोषिक दिलं, तेव्हा ते त्यांनी परत केलं. ज्या बाईला ओळख विकायची असते ती पारितोषिक परत करत नाही. ५ डिसेंबर १९४१ रोजी लाहोरला त्या गेल्या, वय अठ्ठावीस. ‘द स्टोरी टेलर’ला २०२३ च्या लिलावात ६१.८ कोटी रुपये आले ते मृत्यूनंतर ब्याऐंशी वर्षांनी. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली ज्या नऊ चित्रकारांचं काम देशाबाहेर न्यायला मनाई आहे, त्यांत रवी वर्मा, तीन ठाकूर, नंदलाल बोस, जामिनी रॉय यांच्या जोडीने अमृता आहेत. त्या नऊ जणांत बाई एकच.

आता आरोप करणाऱ्यांचं सगळ्यात मोठं गृहीतक घेऊ. अनेक संस्कृतींत वाढलेली बाई चित्र काढेल तर त्यात त्या संस्कृतींच्या खुणा ठेवणारच, असं ते धरून चालतात. नसरीन मोहमदी यांचं काम या गृहीतकाला मुळातून उखडतं. १९३७ मध्ये कराचीत जन्म, लहानपणीच मुंबई, मग लंडनची सेंट मार्टिन्स, पुन्हा मुंबईत भुलाभाई इन्स्टिट्यूट, नंतर पॅरिस, अधूनमधून बहारीनमध्ये घरच्यांकडे, आणि १९७२ पासून अखेरपर्यंत बडोद्याच्या ललितकला शाखेत अध्यापन. इतके देश, इतकी शहरं, आणि चित्रांत काय आहे? पेन्सिल आणि शाईच्या रेघा. एकीला समांतर दुसरी, मग तिसरी, अंतर किंचित वाढत किंवा कमी होत जाणारं, कुठे एकदम तिरकी उसळणारी. माणूस नाही, दागिना नाही, अक्षर नाही. चित्रांना त्या नावंही देत नसत.

मग यात त्यांची ओळख नाहीच का? आहे, आणि ती फार खोल आहे. फत्तेपूर सिक्रीच्या फरसबंदीची, वाळूची, समुद्राकाठच्या ओल्या-कोरड्या रेघांची छायाचित्रं त्या काढत, पण हयातीत त्यांनी ती कधी प्रदर्शनात ठेवली नाहीत. वास्तूच्या दगडातली भूमिती, वाळवंटातला उजेड आणि युरोपातल्या अमूर्त चित्रांची शिस्त यांतून त्यांची रेघ तयार झाली. मज्जासंस्थेच्या आजाराने हाताची हालचाल बिघडत गेली तेव्हाही आरेखनाची साधनं हाती धरून त्यांनी ती रेघ तितकीच काटेकोर ठेवली. १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला त्यांचं निधन झालं. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ‘मेट ब्रॉयर’ ही नवी शाखा उघडली तेव्हा पहिल्या प्रदर्शनांत एक त्यांचं होतं. हे परदेशी कौतुक सव्वीस वर्षं उशिरा आलं. बाजारासाठी काम करणाऱ्या माणसाचं वेळापत्रक असं नसतं.

झरीना हाशमी यांचं उदाहरण याहूनही अवघड आहे, कारण त्यांच्या कामात आरोपाला हवं असलेलं सगळं सामान वरवर दिसतं: उर्दू अक्षरं, घर, फाळणी, बहिणीची पत्रं. १९३७ मध्येच त्या अलीगढला जन्मल्या. वडील तिथल्या विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. झरीनांनी पदवी गणितात घेतली. नवरा परराष्ट्र सेवेत, त्यामुळे बँकॉक, पॅरिस, टोकियो अशी शहरं बदलत गेली. पॅरिसमध्ये स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या ‘आतेलिये १७’ या मुद्राचित्रशाळेत त्या छपाई शिकल्या, जपानमध्ये लाकडी ठशांची छपाई शिकल्या, आणि १९७६ नंतर न्यूयॉर्कला स्थिरावल्या. दरम्यान आईवडील पाकिस्तानात गेले होते. १९९९ ची ‘होम इज अ फॉरिन प्लेस’ ही त्यांची छत्तीस लाकडी ठशांची मालिका. प्रत्येक ठशात घर, चौकट, दरवाजा, अंगण असा एकेक शब्द आणि त्याच्यासोबत काळ्या शाईत एक अगदी काटकसरीची भौमितिक रचना.

यातलं उर्दू सजावटीसाठी आहे का, हे ठरवायला त्यांचं २००१ चं ‘डिव्हायडिंग लाइन’ पाहावं. भारत-पाकिस्तानची सीमारेषा, कागदावर एकटी, वेडीवाकडी, काळी. लाकडी ठशात काळी रेघ उमटवायची तर ती कोरत नाहीत, तिच्या भोवतालचं लाकूड कोरून काढतात. रेघ तेवढी वर उरते. म्हणजे या एका रेघेसाठी झरीनांना दोन्ही बाजूंची जमीन हाताने, छिन्नीने, थोडी थोडी करत काढून टाकावी लागली, आणि छिन्नीच्या खुणा छापात राहू दिल्या आहेत. फाळणीवर खूप लिहिलं गेलं, चित्रपट निघाले, पण सीमा आखण्याच्या कृतीतली हिंसा कामाच्या पद्धतीतच इतकी थेट फार थोड्या ठिकाणी उतरली आहे. गणित, जपानी लाकूडकाम, पॅरिसची छपाई आणि अलीगढचं हरवलेलं घर त्या एका रेघेत आहेत. कुठल्याही परदेशी कुतूहलाला हे चित्र खाऊ घालत नाही. त्यात रंगसुद्धा नाही. लॉस एंजेलिसच्या हॅमर संग्रहालयात त्यांच्या कामाचा मोठा आढावा २०१२ मध्ये मांडला गेला तेव्हा त्या पंचाहत्तरीला आल्या होत्या. २०२० मध्ये लंडनला त्या गेल्या.

न्यूयॉर्कमध्ये झरीनांनी काय केलं हेही आरोप करणाऱ्यांच्या कानावर जायला हवं. तिथल्या स्त्रीवादी कलाचळवळीत त्या होत्या आणि ती चळवळ बहुतांशी गोऱ्या मध्यमवर्गीय बायकांची आहे, हे त्यांना आणि क्यूबातून आलेल्या आना मेंदिएता यांना खटकत होतं. १९८० मध्ये या दोघींनी काझुको मियामोतो या जपानी चित्रकर्तीच्या साथीने ए.आय.आर. या बायकांनी चालवलेल्या दालनात तिसऱ्या जगातून आलेल्या अमेरिकेतल्या चित्रकर्तींचं प्रदर्शन भरवलं. यजमानांची खुशामत करायला आलेल्या पाहुण्या यजमानांच्याच घरात असा वाद मांडत नाहीत. त्याच दालनाला मुंबईच्या नलिनी मलानी यांनी १९७९ मध्ये भेट दिली होती. तिथे पाहिलेलं त्यांच्या डोक्यात राहिलं आणि १९८७ ते १९८९ या काळात अर्पिता सिंग, नीलिमा शेख, माधवी पारेख यांच्यासह त्यांनी ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ ही प्रदर्शनमालिका भारतातल्या शहरांत फिरवली. म्हणजे परदेशातून काही आणलं गेलं असेल तर ती संघटित होण्याची रीत होती, आणि ती खर्ची पडली इथल्याच शहरांत.

आरोप करणाऱ्यांइतकंच नुकसान कौतुक करणारेही करतात, हे इथेच सांगायला हवं. ‘दोन संस्कृतींचा सुरेख संगम’ हा शब्दप्रयोग परीक्षणांत इतका वापरला जातो की, तो आला की समजावं, पाहणं थांबलं आहे. मलानी १९४६ मध्ये कराचीत जन्मल्या, फाळणीनंतर कुटुंब भारतात आलं, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात झालं. त्यांच्या कामात ग्रीक पुराणकथेतली मेडिआ आणि आपली सीता समोरासमोर येतात. दोघी परक्या ठरवल्या गेलेल्या, दोघींना घराबाहेर काढलेलं, एकीने सूड घेतला, दुसरी भूमीत गेली. मलानी त्यांची गोड भेट घडवत नाहीत. एकीच्या रागाने दुसरीच्या मौनाला प्रश्न विचारतात. तंत्रही तसंच. काचेच्या पाठीमागून उलटं चित्र रंगवण्याची रीत अठराव्या शतकात चीनच्या व्यापारातून भारतात आली. मलानींनी ती पारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या नळकांड्यांवर आणली, नळकांडी फिरती ठेवली आणि त्यांच्यातून प्रकाश सोडला. भिंतीवर सावल्या एकमेकींवर चढतात, एकमेकींना पुसतात. २०१२ मध्ये जर्मनीत कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’मध्ये मांडलेलं ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’ अशाच सावल्यांचं आहे. त्यात संगम कुठेही नाही. घर्षण आहे.

सुतपा बिस्वास यांचंही तेच. शांतिनिकेतनमध्ये जन्म, वाढ इंग्लंडमध्ये. १९८५ चं ‘हाउसवाइव्ज विथ स्टेक-नाइव्ज’ हे त्यांचं चित्र म्हणजे अनेक हातांची, कालीसारखी गृहिणी, एका हातात पातं, गळ्यात मुंडक्यांची माळ, आणि एका हातात सतराव्या शतकातल्या आर्तेमिसिया जेंतिलेस्की या इटालियन चित्रकर्तीच्या चित्रांच्या छोट्या प्रती. आर्तेमिसियाने आपल्या चित्रांत बायबलकथेतल्या जुडिथकडून सेनापतीचा शिरच्छेद करवला. काली आणि जुडिथ एका बाईच्या हातात आल्या त्या इंग्लंडमधल्या वंशद्वेषी काळात, आणि त्या तिथल्या प्रेक्षकाला सुखावण्यासाठी नक्कीच आल्या नव्हत्या. त्याच वर्षी लंडनच्या समकालीन कला संस्थेत ‘द थिन ब्लॅक लाइन’ हे कृष्णवर्णीय आणि आशियाई चित्रकर्तींचं प्रदर्शन भरलं. ते रचणाऱ्या झांझिबारमध्ये जन्मलेल्या लुबैना हिमिद यांना टर्नर पारितोषिक मिळायला २०१७ उजाडावं लागलं.

खुशामतीचा आरोप किती पोकळ आहे हे शाझिया सिकंदर यांच्या अनुभवावरून कळतं. १९६९ मध्ये लाहोरला जन्म. तिथल्या राष्ट्रीय कला महाविद्यालयात त्यांनी लघुचित्र विभाग निवडला तेव्हा तो विभाग पर्यटकांसाठी जुन्या चित्रांच्या नकला करणारा मानला जाई. बशीर अहमद यांच्याकडे वसली कागद तयार करण्यापासून खारीच्या केसांच्या कुंचल्यापर्यंत सगळं शिकून त्यांनी १९८९-९० मध्ये ‘द स्क्रोल’ केलं. एक लांबलचक पट, एक आधुनिक घर, आणि पांढऱ्या कपड्यातली पुसटशी मुलगी खोलीखोलीतून फिरते. दरबार, शिकार, राजे यांच्यासाठी घडलेल्या शैलीत त्यांनी घरातली अस्वस्थ मुलगी आणली. पुढे त्या अमेरिकेत गेल्या, २००६ मध्ये मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कमध्ये उभं राहिलेलं त्यांचं ‘विटनेस’ हे अठरा फूट उंचीचं स्त्रीशिल्प पुढच्या वर्षी ह्यूस्टनला नेलं, तेव्हा तिथल्या गर्भपातविरोधी गटांनी त्याला सैतानी ठरवलं. ८ जुलै २०२४ ला, वादळात शहराची वीज गेलेली असताना, कुणीतरी त्या शिल्पाचं डोकं तोडलं. सिकंदर यांनी ते दुरुस्त न करता तसंच ठेवायचं ठरवलं. लाहोरची परंपरा मोडली म्हणून एक बाजू नाराज, अमेरिकेच्या भूमीवर शिंगांसारख्या वेण्या घातलेली बाई उभी केली म्हणून दुसरी बाजू नाराज. अशा बाईला सगळ्यांना खूष करणारी व्यापारी म्हणणं हा उघड अन्याय आहे.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर जवळचं पाहू. कोकणात शतकानुशतकं राहिलेले, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेलेले बेने इस्रायल यहुदी मराठी बोलत, मराठीत कीर्तनं करत. त्याच समाजातल्या, मुंबईत वाढलेल्या सिओना बेंजामिन आज अमेरिकेत न्यू जर्सीत राहतात. मुंबईत ख्रिस्ती आणि पारशी शाळा, शेजारी हिंदू आणि मुसलमान, घरी शब्बाथचे दिवे. त्यांच्या ‘फाइंडिंग होम’ या मालिकेतल्या बायका निळ्या रंगाच्या आहेत. बायबलमधल्या आणि यहुदी आख्यायिकांमधल्या या स्त्रिया लघुचित्रांच्या चौकटीत, कधी चित्रकथेच्या ढंगात येतात. निळा रंग इथे कृष्णाची आठवण देतो आणि तो आकाशाचा-समुद्राचा, कुठल्याच एका जमिनीचा नसलेला रंगही आहे. कातडीच्या रंगावरून माणसं ओळखणाऱ्या देशात जाऊन कुठल्याच वंशाची नसलेली कातडी रंगवणं, हे उत्तर मुंबईच्या मुलीला सुचलं. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर परत येऊन त्यांनी बेने इस्रायलांचे चेहरे रंगवले. मराठीतून प्रार्थनागीतं म्हणणाऱ्या माणसांचा हा दस्तऐवज मराठी वाचकाच्या आस्थेचा विषय व्हायला हवा होता.

त्याआधीच्या पिढीतल्या आंजेला त्रिंदाद. वडील आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद हे मूळचे गोव्याचे, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकवणारे नामांकित व्यक्तिचित्रकार. आंजेला १९०९ मध्ये जन्मल्या, जे. जे.तच शिकल्या आणि त्यांनी साडीतली मरियम रंगवली. वडिलांची युरोपीय तैलरंगाची सफाई हाताशी असताना त्यांनी भारतीय पुनरुज्जीवन शैलीची सपाट रेघ घेतली आणि पुढे त्रिकोणांच्या रचनेवर उभी असलेली स्वतःची पद्धत बांधली. साडीतल्या मरियमेकडे पाहून ‘धर्म बाहेरचा, वेष इथला’ एवढंच म्हणणाऱ्याने वडिलांची आणि मुलीची चित्रं शेजारी ठेवून पाहावीत. ते शक्यही आहे. पणजीत फोंताइन्हास भागातल्या फुंदासाओ ओरिएंते या संस्थेत त्रिंदाद कुटुंबाचा संग्रह आहे.

राहता राहिलं ते तथ्य, जे सुरुवातीला मान्य करायचं कबूल केलं होतं. हो, असं काम आहे जिथे खूण हीच कलाकृती होऊन बसते. मेंदीच्या नक्षीत परदेशी झेंडा, नथीच्या आकारात शहराचा नकाशा, साडीच्या निऱ्यांत पारपत्राची पानं, आणि त्यापलीकडे काहीच नाही. अशा कामाला परीक्षकांनी कठोर व्हायलाच हवं. स्वतः भारती खेर यांच्या कामातही सगळं एका तोलाचं नाही. कोसळलेल्या हत्तीच्या अंगावर टिकल्या दुसरी कातडी होतात आणि पाहणाऱ्याला अस्वस्थ करतात, तर त्यांच्या काही सपाट फलकांवर त्याच टिकल्या डोळ्यांना सुखद नक्षी एवढंच काम करतात. ही तुलना करणं म्हणजे समीक्षा. पण ‘टिकली आली, म्हणजे विक्री आली’ असं म्हणून दोन्ही कामं एका टोपलीत टाकणं म्हणजे समीक्षेचं काम टाळणं. कमकुवत कामावरून सगळ्या चित्रकर्तींचा न्याय होत असेल, तर परदेशात राहून काढलेली पुरुषांची गुळमुळीत बिंदूचित्रं आणि बैलगाड्याही त्याच न्यायाने तोलाव्या लागतील.

म्हणून मराठीत चित्रकलेवर लिहिणाऱ्यांना आणि त्यांचे लेख छापणाऱ्या संपादकांना एक विनंती आहे. अशा चित्रकर्तीच्या प्रदर्शनावर पुढच्या वेळी लिहाल तेव्हा तिची जन्मभूमी, आईची भाषा, नवऱ्याची नोकरी आणि पारपत्र ही माहिती लेखाच्या शेवटी द्या. आधी कागद कुठला, रेघ कशी, रंग कसा लावला, आकृती कुठे तोडली, कुठे मोकळी सोडली, हे लिहा. आणि त्याच महिन्यात एखाद्या पुरुष चित्रकाराच्या प्रदर्शनावर लिहिलंत, तर त्यालाही तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा.